झाडून ठेवलेला रमणा

माझ्या लहानपणी आमचं घर घोड्यावर असायचं. एकच कबरं घोडं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना घोंगड्यांचे आणि भांड्यांचे गठ्ठे, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर, चालता न येणारं जे कुणी असेल ते. कधी दोन दिवसांचं कोकरू, कधी मी. वडूजच्या पल्याड आमचं गाव होतं आणि गावात दगडांचा एक आडोसाही होता. पण पाऊस दगा द्यायचा, विहीर खडखडीत व्हायची, आणि मग बा मेंढरं कोंडायच्या जाळ्या गुंडाळायचा. आई आडोशाच्या तोंडाला बाभळीचं शिरं लावायची. ते कुलूप. आम्ही नदीकडं चालू लागायचो.

त्या वाटेवरचं खाणं म्हणजे हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून, भरडून, त्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, मीठ टाकायचं आणि गरम गरम प्यायचं. सकाळी तेच, सांजच्याला तेच. ज्या दिवशी एखादी मेंढी चांगली पान्हावायची त्या दिवशी त्यात दूध पडायचं, आणि आई म्हणायची, "आज सण हाय." आम्ही पोरं खरंच सण समजायचो. एका वर्षी नदी दोन मुक्कामांवर असताना मेंढरं बसू लागली. बसलेलं मेंढरू उठेना. बा त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचा, शेपटाला धरून उभं करायचा, चार पावलं चालवायचा, पुन्हा ते बसायचं. निम्मा कळप त्या वाटेवरच मेला. राहिलेली मेंढरं घेऊन ज्या ज्या बांधाला टेकलो तिथनं मालक उठवायचा. "उठा रं, ऊस हाय माझा." माझ्या कानांत त्या काळातला सगळ्यात ठळक शब्द कुठला असेल तर तो 'उठा'. आज माझ्याकडे कुणी आलं आणि दारात घुटमळलं, की माझ्या तोंडून सगळ्यात आधी 'बसा' निघतं. सुना हसतात. त्यांना कारण माहीत नाही.

पाणंदवाडीचा रमणा मात्र निराळा होता. कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला हे गाव. गावाच्या खाली नदी वळण घेते, आणि त्या वळणात आंबा, जांभूळ, करंज यांची जुनी झाडं असलेली मोठी मोकळी जागा होती. कुणा जुन्या माणसानं ती गावाला सोडलेली. नांगर घालायचा नाही, कुंपण घालायचं नाही, एवढाच नेम. बायका तिथं धुणं धुवायच्या, कुंभार माती मळायचे, पोरं लाल मातीत कुस्त्या धरायची, म्हशी दुपारभर पाण्यात नाकं वर काढून पडायच्या. आणि होळीनंतर मृगापर्यंत आम्ही तिथं उतरायचो. आम्ही म्हणजे दुष्काळी भागातली सात-आठ धनगर बिऱ्हाडं. आईची चुलीची तीन दगडं एका करंजाखाली वर्षानुवर्षं तशीच पडून असायची, काजळी धरलेली. पोचलं की आई आधी त्या दगडांवरून हात फिरवायची, मग घोड्यावरचं सामान उतरायचं.

रमण्यामुळंच मी शिकलो. गावातल्या हौसाकाकींचे दोन्ही मुलगे पलटणीत होते. त्यांची पत्रं वाचायला घरात कुणी नव्हतं. उन्हाळ्यात तिथल्या शाळेत चार अक्षरं शिकलेला मी त्यांना पत्र वाचून दाखवायचो, आणि काकींनी बाला सांगून टाकलं, "तुजं पोरगं पावसाळ्यात नेऊ नगंस. माज्याकडं ऱ्हाऊ दे. माज्या भाकरीला काय भार व्हत न्हाई." बा दोन दिवस मेंढरांमागंच राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ऱ्हा." तसा मी राहिलो, आणि पुढं सांगलीच्या कॉलेजात गेलो. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ही गोष्ट मी तेव्हा छाती काढून सांगायचो आणि आजही सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळेनासं झालं होतं, गावात तिन्हीसांजेनंतर अंधार. अशात बातमी आली की पाणंदवाडी ज्या संस्थानात होती त्याचा दरबार नदीवर बंधारा घालून वीज काढणार. रमण्याच्या वरच्या तोंडाला बंधारा, रमण्यातून पाण्याचा पाट आणि झाडांच्या जागी वीजघर. राजधानीत दिवे, गिरणीला वीज आणि पाणंदवाडीच्या प्रत्येक गल्लीला एक दिवा फुकट. दिवा कुणाला नको होता? मलाही हवा होता. पण झाडं जाणार, घाट जाणार, मेंढरं उतरायची जागा जाणार, हे कळल्यावर गावाचं तोंड कडू झालं. बानं तर एवढंच विचारलं, "मग उन्हाळ्यात पानी कुठलं?"

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा निरोप आला, इंजिनिअरसाहेब जागा बघायला येतात. पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. पाटील मोठे देखणे आणि भिडस्त गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब मानूस हाय, दगड न्हाई. रमणा असा दिसला पायजे की तोडायचं नाव काढताना त्येची जीभ आडली पायजे." सगळ्यांना हे पटलं. मला तर सगळ्यांत जास्त. माझं कॉलेजचं शिक्षण कामी यायची ही संधी होती.

आणि आम्ही रमणा झाडला. तीन दिवस झाडला. बायकांना धुणं बंद, कुंभारांना माती बंद, म्हशी वरच्या घाटाला. लेंड्या टोपल्यांनी उचलल्या. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना दिला. सडा टाकला, रांगोळ्या काढल्या. धनगरांना सांगितलं, मेंढरं घेऊन दोन दिवस टेकाडामागं जा. ते सांगायला मीच गेलो. बा म्हणाला, "टेकाडामागं पानी न्हाई रं, म्हादू." मी म्हणालो, "दोनच दिवस." आणि करंजाखालची ती तीन काळी दगडं घाण दिसतात म्हणून मी माझ्या हातानं उचलून डोहात टाकली. आई बघत होती. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

साहेब आले. पन्नाशीचे, पांढरा फेटा, पायात मोजे. पाटलांनी हार घातला. मी उभा राहून इंग्रजीत स्वागताचं भाषण केलं. तीन रात्री पाठ केलं होतं. त्यात मी म्हणालो की हा रमणा किती स्वच्छ, किती शांत आहे पाहा, इथल्या एका पानालाही कुणी धक्का लावत नाही, एक पाऊल इथं उमटत नाही. गावाला एक अक्षर कळलं नाही, पण टाळ्या कडाडून पडल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तीन पायांच्या दुर्बिणीतून मोजमाप घेतलं, वही भरली, काकींच्या हातचं ताक घेतलं आणि गेले. काकी म्हणाल्या, "लय गुनाचा मानूस. न्हाई तोडायचा त्यो."

पंधरा दिवसांनी चावडीवर जाहीरनामा लागला. मीच मोठ्यानं वाचून दाखवला. सदर जागा समक्ष पाहिली असता ती मोकळी, निर्वेध आणि कुणाच्याही वापरात नसल्याचे आढळून आले, सबब ती वीज-योजनेसाठी घेण्यात येत आहे, कुणाची हरकत असल्यास एक महिन्यात कळवावी. मग काकी मागून म्हणाल्या, "म्हंजी आपुनच झाडून दिला व्हय?"

तरणी पोरं उसळली. "चला राजधानीला. समदे चला. फाटक उखडू." तेव्हा भोवतीचा सातारा जिल्हा बेचाळीसच्या चळवळीनं धुमसत होता, चार माणसं एकत्र दिसली की शिपाई नावं लिहून घ्यायचे. पाटील म्हणाले, "जावा. उद्या समदे आत, आन् रमण्यात भिताड उबं." भांडण बराच वेळ चाललं. शेवटी मी उठून, इंग्रजीत काय बोललो होतो ते सांगितलं. एक पाऊल उमटत नाही, असं मीच सांगितलं साहेबांना. पोरांतला एक जण म्हणाला, "लय शिकलास गड्या!" सगळे हसले, आणि ते हसणं मला फटक्यापेक्षा जास्त लागलं. बा तिथं पायरीखाली उभा होता. तो हसला नाही.

मी अर्ज लिहिला. भाषणासारखा नाही, साधा. काय काय तिथं चालतं, कुठल्या महिन्यात कोण येतं. पाटील सही करायला बसले, म्हणाले, "धनगरांचं कशाला त्यात? गावाचा रमणा म्हन आन् सोड."

"पाटील, होळीपासनं मिरगापातुर तिथं कोन असतं?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, ल्ही. पन खाली ल्ही."

मी ते पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पाटलांनी कागदाकडं न बघता सही केली. पाटलांना वाचायला चांगलं येत होतं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

राजधानीच्या कचेरीत कारकुनानं अर्ज घेतला, वरची ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मेंढपाळांचा अर्ज? तू कोण, त्यांचा वकील?"

"मी त्यांच्यातलाच."

"असं? आता मेंढरंपण इंग्रजी शिकायला लागली म्हणायची."

"मेंढरं न्हाई अजून. मी शिकतोय," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले, तोही ओशाळून हसला, आणि त्या हसण्यात मी आतल्या दारातून साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिलो. मला तेव्हा एवढं धाडस कुठून आलं माहीत नाही. साहेबांनी मला ओळखलं. "भाषणवाले तुम्ही. मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलंय. तुम्हीही तेच सांगितलंत."

"साहेब, तुम्ही येणार म्हणून आम्ही तो झाडून ठेवला होता. मेंढरं टेकाडामागं नेली होती. माझ्या आईची चूल मी स्वतः डोहात टाकली. रोज असा नसतो तो."

साहेबांनी वहीतलं ते पान काढून पुन्हा वाचलं. मग हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पाहणी मी दुसऱ्यांदा करीन. पण कधी येणार ते सांगणार नाही. आणि ऐका, एक जरी हार दिसला तरी परत फिरेन."

हा निरोप गावाला सांगणं सोपं होतं, पाळणं कठीण. पाटील रोज धुतलेला फेटा बांधून बसू लागले. कुणीतरी सुचवलं, शेजारच्या चार गावांची मेंढरं आणून रमणा भरून टाकू. मी हात जोडले. "काहीही वाढीव नको. रोजचं तेच करा." सगळ्यांत जड गेलं ते काकींना. "दारात आलेल्या मानसाला पानी इचारायचं न्हाई? ह्ये कसलं रं तुजं शिक्शान?" म्हणाल्या. शेवटी असं ठरलं की साहेबांनी मागितलं तर द्यायचं. काकी पुटपुटत गेल्या, "पानी काय कुनी मागून पितं व्हय."

साहेब आले ते नेमके मेंढरं धुवायच्या दिवशी. कातरणीआधी मेंढरं नदीत घालून धुवावी लागतात, नाहीतर लोकरीत कात्री चालत नाही. सात-आठ बिऱ्हाडांचे गडी कंबरभर पाण्यात रांगेनं उभे राहतात. काठावरचा एक जण मेंढरू पाण्यात लोटतो, पहिला चोळतो, दुसरा बुडवतो, तिसरा पिळतो, आणि पल्याडच्या टोकाला ते थरथरत बाहेर निघतं. इकडं कोकरं वेडी होतात. धुतल्यावर अंगाचा वास जातो, आणि कोकराला आई ओळखू येत नाही. शेकडो कोकरं आणि शेकडो मेंढ्या एकमेकांना हाका मारत धावत असतात. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. त्यातच वरच्या अंगाला बायकांची धुण्याची आपटणी, कुंभाराच्या गाढवांचं ओरडणं आणि तालमीतल्या पोरांचे शड्डू.

मीही पाण्यातच होतो, रांगेत दुसरा. मान वर केली तर साहेब काठावर उभे, बरोबर तो कारकून. त्यांना तीन पायांची दुर्बीण ठेवायला जागा मिळेना. जिथं ठेवावी तिथून मेंढरांचा लोंढा जाई. शेवटी एका झाडाशी टेकवली, तर माझी आई, जिला ते कोण हे ठाऊकच नव्हतं, भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन येत ओरडली, "आवं पाव्हणं, त्या काठ्या उचला की! मेंढराचा पाय मोडल त्यात."

साहेबांनी काठ्या उचलल्या. कारकुनाचे जोडे तोवर चिखलात गेले होते. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला पाण्यात उभं राहून घाम फुटला होता, कारण पाटील धावत येताना दिसत होते आणि त्यांचे हात नमस्काराला आपोआप जुळत होते. त्यांनी ते मोठ्या कष्टानं सोडले आणि मागं बांधले.

साहेब रांगेच्या टोकाशी आले. बा तिथं मेंढरं पिळत होता. त्यांनी विचारलं, "दरवर्षी येता?"

"माजा बा यायचा. त्येचा बा यायचा."

"ही जागा नसली तर कुठं जाल? नदी काय एवढीच आहे?"

बानं हातातलं मेंढरू सोडलं, पाण्यातच ताठ उभा राहिला. मला वाटलं, आता हा घाबरणार. बा म्हणाला, "साहेब, नदी लय लांब हाय, खरं हाय तुमचं. पन काठाला समदा ऊस झालाय. ऊसवाल्याचं बी चुकत न्हाई, त्येचं पीक हाय. पर आमी टेकलो की त्यो उठा म्हनतो. वडूजपासनं हितवर आमाला सोळा जागी उठीवत्यात. ह्यो रमणा तेवडा हाय जितं कुनी उठा म्हनत न्हाई. तुमी म्हना आता, म्हननार असशीला तर."

मी तीन वर्षं कॉलेजात होतो, पण असं बोलणं मला कधी जमलं नव्हतं. अजूनही जमलेलं नाही.

साहेब पाटलांकडं वळले. "पाटील, हे लोक तुमच्या गावचे आहेत का?" सगळा डाव त्या प्रश्नावर होता. हो म्हणावं तर गावाच्या दफ्तरात आमचं नाव नव्हतं. नाही म्हणावं तर आम्ही उपरे, आणि उपऱ्यांनी केलेला वापर कुठल्या कायद्यात बसतो? पाटलांच्या कपाळावरची शीर मला पाण्यातून दिसत होती. पाटील म्हणाले, "दफ्तरात न्हाईत. पन आमच्या रानात खतासाठी ह्यांची मेंढरं बसली न्हाईत तर आमाला पीक न्हाई. हे यायचं थांबलं तर गाव निम्मं हुईल. तवा आमचंच म्हना."

साहेबांनी वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं. दिवस कलेपर्यंत ते तिथंच होते. घाटावर बसले, कुंभारांशी बोलले, कोणत्या झाडाखाली कोण बसतं ते विचारत फिरले. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. शेवटी ते काकींच्या समोर थांबले. "बाई, थोडं पाणी मिळेल का?"

काकी सकाळपासून तांब्या पदराखाली धरून बसल्या होत्या. त्यांनी तो पुढं केला आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की अर्ध्या रमण्यानं ऐकलं, "इचारायला येवडा उशीर?" साहेब खळखळून हसले. पाणी पिऊन, तांब्या परत देऊन, टांग्याकडं गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहायचं कारण नाही. वाट बघणं सगळ्यांना ठाऊक असतं. मृग जवळ आला, आभाळ भरलं, धनगर माघारी निघायची तयारी करू लागले आणि अजून काही कळलं नव्हतं. बा म्हणाला, "जे व्हायचं ते हुईल. तू कालेजात जा." मी गेलो नाही. त्या वर्षी कॉलेज उघडून चार दिवस झाले तरी मी पाणंदवाडीतच होतो.

दरबारचा हुकूम आला तेव्हा धनगर अजून निघाले नव्हते. तो मीच वाचला, त्याच चावडीवर, पण या वेळी बा पायरीखाली नव्हता. पाटलांनी त्याला हाताला धरून वर, आपल्या घोंगडीवर बसवलं होतं. पाणंदवाडीचा रमणा वीज-योजनेतून वगळण्यात आला होता. बंधाऱ्यासाठी खालच्या अंगाची खडकाळ, उजाड जागा तपासावी असं त्यात होतं. ती पुढं कागदावरच राहिली, संस्थान विलीन झालं, आणि गावात वीज आली ती पुष्कळ वर्षांनी, दुसरीकडून. त्याच हुकमात शेवटचं कलम होतं: रमणा गावाच्या वापरासाठी मोकळा राहील, आणि उन्हाळ्यात तिथं उतरण्याचा पूर्वेकडील मेंढपाळांचा हक्क कायम समजण्यात येईल. आमच्या लोकांचा कुठल्याही जमिनीवरचा हक्क कागदावर लिहिला गेला तो हा पहिला. पुढच्या वर्षी मी बी. ए. झालो.